धुरा कुणाचा?

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत तो दरवर्षी एक तास सरकला तरी डोळ्यांना दिसत नाही. नवरा गेलेल्या बाईच्याच वावरात तो नेमका का सरकतो, हा माझा प्रश्न आहे.

नुसतं तोंडी भांडलात तर ‘बाईला काय कळतं’ म्हणतील. आधी तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंद करा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर मोजणीचा अर्जच अडतो. मग भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणी मागा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी पुतण्याला पाठवू नका, स्वतः उभ्या राहा. तरीही वाद उरला तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १३५ आहे: हद्द जिल्हाधिकारी चौकशी करून ठरवतात, आणि त्याबाहेरचा कब्जा कलम १३८ खाली काढता येतो.

थांबू मात्र नका. उघड, विरोधी कब्जा १२ वर्षं चालला तर शेजारी मालकीच सांगू शकतो. आणि हा शेजारी पुष्कळदा सख्खा दीर असतो. त्याच्याविरुद्ध अर्जावर सही करताना हात थरथरतो. त्या मोजणीला गटातल्या दोघीतिघी तरी धुऱ्यावर हजर पाहिजेत.