पाठीशी वृत्तपत्र नसलेली पत्रकार

(वारंगा फाटा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या या फाट्यावरून एक रस्ता हिंगोलीला, एक नांदेडला, एक उमरखेडकडे जातो. इथूनच बाया ऊसतोडीला, मुंबई-पुण्याला कामाला जातात. परक्या गावात पोलिसांनी बाईला धरलं, तर तिच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं. म्हणून आज मी शीला बारसे यांच्याविषयी बोलणार आहे.

त्या मुंबईच्या मुक्त पत्रकार. म्हणजे कोणत्याही वृत्तपत्राच्या नोकरीत नसलेल्या. मे १९८२ मध्ये परवानगी काढून त्या मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ स्त्री कैद्यांना भेटल्या. पाचजणींनी सांगितलं, ‘पोलीस कोठडीत आम्हांला मारहाण झाली.’ बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं.

चौकशीचं काम न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांच्याकडं दिलं. मी स्वतः समाजकार्य शिकले, म्हणून मला हे मोलाचं वाटतं. बाईचं नीट ऐकून ते लिहून काढणं, हेही न्यायाचं काम ठरलं. या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. एका वकिलानं दोन परदेशी कैद्यांना, एक जर्मन व एक थाई, लुबाडलं होतं. परक्या माणसाला सगळेच नाडतात.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला आदेश दिले. स्त्रियांची कोठडी वेगळी हवी, पहाऱ्यावर स्त्री पोलीस हव्यात. बाईची चौकशी स्त्री पोलिसासमोरच व्हावी. अटकेचं कारण लगेच सांगावं, आणि ती सांगेल त्या नातेवाइकाला वा मैत्रिणीला कळवावं.

बारसे तिथंच थांबल्या नाहीत. तुरुंगातल्या मुलांसाठी त्या लढल्या. तो खटला रेंगाळला तेव्हा त्यांनी तो मागं घ्यायचं ठरवलं. १९८८ मध्ये न्यायालयानं नकार दिला. हा खटला एकटीचा नव्हे, असं म्हणून तो विधी साहाय्य समितीकडं सोपवला. १९९३ मध्ये त्यांच्याच याचिकेवर, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा ठरलं.

एवढं होऊनही हे आदेश आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहेत? ठाऊक नसलेला हक्क पोलीस ठाण्यात कामी येत नाही. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गटानं बैठकीत हे आदेश वाचून दाखवावेत. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, हेही सांगावं. परत आलेल्या बायांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, तारीख-ठिकाणासह वहीत उतरवावं. बारसेंनीही सुरुवात एवढ्यानंच केली होती.