कडुनिंबाखालच्या उघड्या जागेसाठी

आपल्या केनवडात कडुनिंबाची सावली घरोघरी आहे, अन् त्या सावलीत जमीन मात्र उघडी. पावसाळ्यात तिथली माती वाहते, चिखल पायांनी घरात येतो. गवत लावलं तर वर्षभरात मरतं. कारण हरळीला ऊन लागतं, सावलीत ती तगत नाही. पाणी घालून काही उपयोग नाही.

सावलीला चालतं ते मोंडो ग्रास. रोपवाटिकेत याच नावानं मागा. नाव गवताचं असलं तरी हे शतावरीच्या कुळातलं, मूळ चीन-जपानकडचं. पानं गवतासारखी बारीक, गडद हिरवी, वर्षभर टिकणारी. कापावं लागत नाही. पण ही वैरण नव्हे, आधीच सांगते.

रोपं ढिगानं विकत घेऊ नका. एका ठोंबाला बरेच फुटवे असतात. ते मुळासकट हातानं वेगळे करायचे अन् सहा-सहा इंचांवर लावायचे. दहा फूट लांब, दोन फूट रुंद पट्ट्याला साधारण ऐंशी फुटवे लागतात. एका पिशवीत आठ फुटवे निघाले तर दहा पिशव्यांत काम होतं. गटानं मिळून घ्या. दोनेक वर्षांनी ठोंब भरले की एकीच्या अंगणातून दुसरीला देता येतात.

लावायचं मृगाचा पाऊस बसल्यावर. कडुनिंबाची मुळं तोडू नका, मुळांच्या मधल्या जागेत खुरपीनं खड्डा करा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून शेणखत मिसळा अन् पाणी साचेल असा खोलगट भाग सोडा. फुटव्याचा गड्डा खोल पुरू नका, सडतो.

पहिलं वर्ष निंदण करावंच लागतं, कारण हे फार हळू पसरतं. कोंबड्याही उकरतात, काटेरी फांद्या टाकून ठेवा. उन्हाळ्यात पाणी लागतंच, "बिनपाण्याचं" म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका. मात्र त्यासाठी वेगळा हंडा आणायचा नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी संध्याकाळी टाकलं तरी चालतं.

सगळं अंगण भरू नका बरं. पापड-कुरडया वाळवायला, बसाय-उठायला सारवलेली जागा हवीच. पाणी जिथून वाहतं तेवढाच पट्टा धरा. फाल्गुनात कडुनिंबाचा पाला पडला की तिथं खराटा नको, पाला हातानं उचला अन् खताच्या खड्ड्यात टाका.