उत्तम वस्तू आणि मोकळा बाजार

मोकळ्या बाजारात उत्तम वस्तू आपोआप टिकते, असे आपणांस सांगितले जाते. टॅब्लेट संगणकाचा इतिहास निराळे सांगतो.

ॲपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये ४९९ डॉलरला विक्रीस आला. ह्यूलेट-पॅकार्डने १ जुलै २०११ रोजी टचपॅड त्याच किमतीस आणला आणि १८ ऑगस्टला माघार जाहीर केली. उरलेला माल ९९ डॉलरला काढताच झुंबड उडाली. गिऱ्हाईक होते, त्या किमतीला नव्हते.

मग किंमत आधीच का उतरली नाही? कारण ९९ डॉलर हा निव्वळ तोटा होता. उलट ॲपलने २००५ मध्येच पाच कारखानदारांशी मेमरीच्या पुरवठ्याचे करार करून १२५ कोटी डॉलर आगाऊ देऊ केले होते. शिवाय आयफोनसाठी लिहिलेली लाखाहून अधिक ॲप्स आयपॅडवर पहिल्याच दिवशी चालत होती. जिथे ग्राहक तिथे ॲप लिहिणारा, आणि जिथे ॲप तिथे ग्राहक. हे चक्र नवागताला बाहेरच ठेवते.

नोव्हेंबर २०११ मध्ये ॲमेझॉनने १९९ डॉलरचा किंडल फायर आणला खरा. पण पुस्तके व चित्रपट विकून नफा मिळवू शकणारे ते दुसरे बलाढ्य भांडवलच होय.

म्हणून नियमनाची गरज आहे. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये आयपॅडची कार्यप्रणाली ‘द्वारपाल’ ठरवून तिच्यावर बंधने घातली, ती याच कारणाने. दार एकाच्या हाती असेल, तर निवडीचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.