मैदान सुटते तेव्हा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या महोत्सवात खेळाडूंचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. कार्यालयातील काचेच्या कपाटातल्या ढाली आणि चषक हा शाळेच्या इतिहासाचाच एक भाग असतो. मात्र त्या कपाटात एक गोष्ट दिसत नाही: सातवीत जिल्हा स्पर्धेत धावलेली, आठवीत कबड्डीच्या संघात असलेली आणि दहावीपर्यंत मैदानावरून नाहीशी झालेली मुले. त्यांचा निरोप समारंभ होत नाही. एके दिवशी बूट माळ्यावर जातात, एवढेच.

‘चिकाटी नव्हती’ हा निवाडा अशा वेळी घरोघरी सहज दिला जातो. तो बहुतेकदा अन्यायाचा असतो.

पहिले कारण शरीराचे. मुलींची उंची साधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. हातपाय लांबतात, तोल काही काळ बिघडतो, गुडघे दुखू लागतात. कालपर्यंत सहज जमणारी उडी आज चुकते. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. परंतु नेमक्या याच काळात मुलाला ‘लक्ष नाही’ असे ऐकावे लागते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचा संकोच, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे आणि अंधार पडण्याआधी घरी परतण्याची सक्ती यांची भर पडते. तिने कारण सांगितले नाही, तर ते नव्हतेच असे मानले जाते.

दुसरे कारण निवडीचे. वयोगट तारखेने ठरतो. मर्यादेच्या तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा आणि त्याच गटातला अकरा महिन्यांनी लहान मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते. कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासातून 1980 च्या दशकात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली: निवडलेल्या संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचा भरणा अधिक होता. मोठे असणे हेच गुणवत्ता म्हणून मोजले गेले होते. आपल्याकडे तर जन्मदाखल्यातील वय कमी दाखवण्याची कीडही आहे. तिच्यापायी प्रामाणिक मूल आपल्याहून मोठ्यांशी झुंजते, हरते आणि स्वतःलाच कमी समजू लागते.

तिसरे कारण परीक्षेचे. ‘यंदा बोर्ड आहे, आता खेळ पुरे’ हे वाक्य प्रेमापोटीच उच्चारले जाते. पण त्यातून मुलाला एवढेच कळते की, पदक किंवा वाढीव गुण मिळणार नसतील तर खेळाला घरात जागा नाही. मग स्पर्धेहून परतताना ‘कितवा आलास?’ हाच पहिला प्रश्न होतो. ‘मजा आली का?’ हा प्रश्न कधी मागे पडला, ते कोणालाच आठवत नाही.

वाट वेगळीही असू शकते. नॉर्वेने 1987 मध्ये बालक्रीडेसाठी नियम केले. तेथे तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घेतल्या जात नाहीत. एवढ्याने तो देश मागे पडला नाही. सुमारे 54 लाख लोकसंख्येच्या नॉर्वेने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदके जिंकली.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅश्ली बार्टी पंधराव्या वर्षी विम्बल्डनच्या कनिष्ठ विजेत्या झाल्या आणि 2014 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, टेनिसपासून दूर गेल्या. काही काळ त्या क्रिकेट खेळल्या. 2016 मध्ये परतल्या, 2019 मध्ये फ्रेंच आणि 2021 मध्ये विम्बल्डन स्पर्धा त्यांनी जिंकली. परतीचे दार उघडे होते, म्हणून हे घडले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतरच स्टीपलचेसकडे वळले आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. चौदाव्या वर्षी लावलेला निकाल हा शेवटचा निकाल नसतो.

तरीही हे सर्व पदकासाठीच सांगायचे, तर मुद्दाच हरवेल. प्रत्येक मूल बार्टी किंवा साबळे होणार नाही आणि तसे होण्याची गरजही नाही. काही मुले विचारपूर्वक स्पर्धा सोडतील. त्यांना संगीत, वाचन किंवा निव्वळ मोकळी संध्याकाळ हवी असेल. तो त्यांचा अधिकार आहे. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे: स्पर्धा सोडताना मुलाला मैदानही सोडावे लागते. संघात नाव नाही, म्हणून चेंडूला हात लावायला जागा नाही.

ही जागा शाळा देऊ शकते. नववी-दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी, निवड चाचणीशिवाय मैदान खुले ठेवता येईल. माजी विद्यार्थ्यांनी चषकासाठी देणगी जरूर द्यावी. त्याबरोबर एखादी संध्याकाळही द्यावी, मुलांसोबत खेळावे आणि हरूनही दाखवावे. पालकांनी घरी परतलेल्या मुलाला निकाल विचारण्याआधी पाणी द्यावे आणि मग एवढेच विचारावे, ‘उद्या पुन्हा जायचे आहे ना?’

या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणाले, तर त्या दिवशी सामना कोणीही जिंकलेला असो, शाळा हरलेली नसते.