पोरींच्या हातात कीबोर्ड द्या

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "शाळेत छोटा कॉम्प्युटर आलाय म्हणे. पोरगी रोज सांगते, मला काही उमगत नाही. त्याचा तिला काय उपयोग?" आज त्यावरच बोलू.

त्या कॉम्प्युटरचं नाव रास्पबेरी पाय. एटीएम कार्डाएवढी हिरवी पाटी. तिला टीव्ही, कीबोर्ड, माउस, मेमरी कार्ड आणि चार्जर जोडला की झाला कॉम्प्युटर. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीला आणला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं कमी होत होती. मुलांनी स्वतः जोडून, चुकून शिकावं, म्हणून त्यांनी हा स्वस्तातला कॉम्प्युटर काढला.

आता प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? आपण लेकीला सांगतो, "अंदाजाने पाणी घाल, भाकरी भाजली की उतरव." तिला कळतं. यंत्राला अंदाज नसतो. त्याला एकेक पायरी लिहून द्यावी लागते. ते लिहिणं म्हणजे प्रोग्रॅमिंग.

हे बघायला मी शाळेत गेले. सातवीच्या मुली बारीक दिवा लुकलुकवत होत्या. सूचना अशा: दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून कर. एकीचा दिवा विझेचना. शेजारच्या मुलाने लगेच कीबोर्ड ओढला, "तुला नाही जमायचं." ती मागे सरकली. चार जणांत एक कॉम्प्युटर, आणि बहुतेक ठिकाणी मुली वहीत उतरवून घेत होत्या, बोटं मुलांची चालत होती.

सरांनी कीबोर्ड तिला परत दिला. "मोठ्याने वाच," म्हणाले. वाचता वाचता तिलाच सापडलं. शेवटचं 'थांब' राहिलं होतं. दिवा विझत होता, पण लगेच पुन्हा लागत होता, म्हणून डोळ्यांना दिसत नव्हतं. एक ओळ घातली, दिवा लुकलुकला. तिचा चेहरा बघायला हवा होता!

ताई, लिहिण्यात चूक झाली म्हणून यंत्र बिघडत नाही, ओळ सुधारता येते. पण ज्या पोरीला हातच लावू दिला नाही, ती चुकणार कधी आणि शिकणार कधी? जपायचं ते एवढंच: घरातल्या विजेची तार त्या पाटीला कधी जोडू नये, आणि आधी कॉम्प्युटर नीट बंद करून मगच चार्जर काढावा.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे सही करून परत येतात. येत्या बैठकीत एवढंच मागा: कीबोर्डची पाळी ठरवा, आणि ती भिंतीवर लिहून लावा.

आणि आज संध्याकाळी लेकीला विचारा, "आज कीबोर्ड कुणाच्या हातात होता?"