मिस्त्री आबाजींच्या फळ्या

आमच्या घरचं बोलणं वऱ्हाडी वळणाच्या हिंदीतलं. अब्बा पिंजारी. हिवाळा लागला की खांद्यावर पिंजण टाकून ते मोर्शीच्या गल्ल्यांतून गाद्या-रजयांचा कापूस पिंजत फिरत. घरात मराठीचं पुस्तक औषधालाही नव्हतं. तरी मी कविता मराठीत लिहितो. 'तुम्ही मराठीत कसे?' हा प्रश्न मला अजून विचारतात. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यालाही किती वर्षं झाली. प्रश्न मात्र तसाच आहे. मी आपला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगतो, अमर शेखांचं सांगतो. ती उत्तरं खोटी नाहीत. पण माझ्यापुरतं खरं उत्तर आमच्या शेजारच्या पडवीत बसत असे. हातात रंधा, कानावर पेन्सिल. गाव त्यांना मिस्त्री म्हणे, आम्ही पोरं आबाजी म्हणायचो. माझ्या मित्राचे ते सख्खे आजोबा, माझे मानलेले.

आबाजी ख्रिस्ती होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडातली कितीतरी मुलं अनाथ झाली. त्यांतल्या काहींना मिशनच्या लोकांनी सांभाळलं, हाताला काम शिकवलं. आबाजींचे वडील त्यांतलेच. करवत आणि धर्म, दोन्ही त्यांना एकाच दारात मिळाले, असं आबाजी सांगत. महिन्यातून एका रविवारी आबाजी इस्त्रीचा सदरा घालून एस.टी.नं अमरावतीला उपासनेला जात. एरवी रोज दिवेलागणीला पडवीत कंदील लावून पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचत. वाचन झाल्याशिवाय जेवण नाही. तापानं फणफणले असले तरी नाही.

त्यांचा धंदा संत्र्याच्या पेट्यांचा. आता प्लास्टिकची क्रेट आणि खोकी आली, तेव्हा सगळा माल लाकडी पेटीतून जाई. आंबिया बहार निघाला की आबाजींच्या अंगणात पातळ फळ्यांच्या थप्प्या लागत आणि ठोकठोक रात्रीपर्यंत चाले. आत तणस, वर संत्रा. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायचीच, नाहीतर फळाला वारा लागत नाही आणि दिल्ली-कलकत्त्याला पोचेस्तोवर माल सडतो. पोरांना पेटीमागे काही पैसे मिळत, म्हणून मीही खिळे द्यायला बसायचो. खिळ्यांच्या डब्यात तळाशी दोन पितळी चांदण्या होत्या. आम्ही त्या गोट्यांसारख्या खेळायला घेत असू. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की त्यांतली एक 'इटली स्टार' होती, दुसऱ्या महायुद्धाचं पदक.

खिळे देता देता कानावर शास्त्र पडे. आबाजी बोलत वऱ्हाडी आणि वाचत ग्रंथाची मराठी. एकाच तोंडातून दोन भाषा निघत, याची मला गंमत वाटे. मग एक दिवस त्यांनी फळीवर पेन्सिलीनं 'क' काढून दिला. आमच्या शाळेत शिकवणं उर्दूत होतं. वर्षभरात मी त्यांच्या जागी बसून स्तोत्रं वाचू लागलो, आणि आबाजी डोळे मिटून चुका काढू लागले.

गल्लीत कुजबुज झालीच. कुणीतरी अब्बांना सांगितलं, पोरगं हातचं जाईल. अब्बा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस मला घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी आबाजी स्वतः आमच्या दारात आले. ते नेहमी 'सलाम' म्हणत. मराठी ख्रिस्ती माणसांत हा रिवाज जुना आहे. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोट्ट्याले मी अक्षरं शिकवतो. मानाचं काय, ते तुमी शिकवा. तुमाले पटत नसन तर उद्यापासून नाई येणार तो."

अब्बांनी मला पाठवलं, पण त्या संध्याकाळी स्वतःही येऊन बसले. त्या दिवशी योसेफाची गोष्ट निघाली होती. भावांनी विहिरीत टाकलेला, मिसरात विकलेला. अब्बा मध्येच म्हणाले, "अरे, ये तो अपने यूसुफ नबी का किस्सा है!" पुढं काय होतं हे त्यांना आधीच ठाऊक होतं, तरी ते शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, मिस्त्री, आमचे जकरिया नबीही सुतारच होते. आबाजी खूष.

सगळं काही असं जुळत नव्हतं, हेही सांगायला हवं. एकदा क्रुसाचा विषय निघाला. ईसा नबी सुळावर गेलेच नाहीत, अल्लानं त्यांना वर उचललं, असं अब्बा म्हणाले. "गेले," आबाजी म्हणाले. "आनं माझ्यासाठी गेले." आवाज चढले. आजींनी चहा आणला, तो दोघांनी न बोलता प्यायला. दोघांपैकी कोणीही इंचभर सरकलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. आजकाल सलोख्याची भाषणं ऐकताना मला तो न बोलता प्यालेला चहा आठवतो.

१९८१ च्या पावसाळ्यात माझी दादी गेली. आमच्यात मय्यतीला कबरीत ठेवल्यावर वर लाकडी फळ्या आडव्या बसवतात, मग माती. आबाजींनी फक्त लांबी-रुंदी विचारली. भर पावसात कंदिलाच्या उजेडात त्यांनी फळ्या कापल्या, रंध्यानं साफ केल्या. मातीत जाणाऱ्या फळीला रंधा कशाला, असं मी विचारलं, तेव्हा नुसते बघत राहिले. अब्बा पैसे द्यायला गेले. "पेटीचे घेतो मी. याचे नाई."

त्या रात्री पहिल्यांदा आणि शेवटचं ते लढाईबद्दल बोलले. खडकीला सॅपर्सच्या पलटणीत सुतार म्हणून भरती झाले होते. १९४३ च्या नोव्हेंबरात इटलीतली सांग्रो नदी. जर्मनांनी पूल उडवलेले, वर पाऊस. लोखंडी चौकटी जोडून बेली पूल उभा करायचा आणि त्यावर लाकडी फळ्या अंथरायच्या, हे त्यांचं काम. पण रात्री दुसरं काम असे. मेलेल्यांच्या कबरींवर लावायला लाकडी खुणा करायच्या. ख्रिस्ती शिपायाला क्रूस, मुसलमान शिपायाला नुसती पाटी. पंजाबचा एक जवान खडूनं उर्दूत नाव लिहून देई आणि आबाजी ते पटाशीनं कोरत. "वाचता येत नोतं मले. पन एक टिपका सुटू देला नाई."

सांग्रोकाठी आज युद्धातल्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. लाकडी खुणा मात्र केव्हाच गेल्या, त्यांच्या जागी दगड आले. मी ती जागा फोटोतच पाहिली आहे.

आबाजी १९८९ च्या डिसेंबरात गेले. नाताळ चार दिवसांवर होता आणि अंगणात पेट्यांची थप्पी. मुलगा नोकरीनिमित्त दूर, तो येईस्तोवर शवपेटी करायला हवी होती. ती केली पेट्या ठोकणाऱ्या दोन पोरांनी. हाताची सवय! झाकणाच्या फळ्यांत त्यांनी बोटभर फट ठेवली. लक्षात आल्यावर दोघं रडायला लागले. अब्बांनी घरातला कापूस आणला, अंगणातच पिंजला, पेटीत अंथरला आणि उरलेला त्या फटींत दाबून बसवला. संत्र्याच्याच मेटॅडोरमधून आम्ही त्यांना अमरावतीला नेलं. पुढे अब्बा बसले होते.

कबरीवरच्या पाटीवरचं नाव मी लिहून दिलं, त्या पोरांनी कोरलं. नावाच्या आधी मी 'मिस्त्री' लिहिलं होतं. चार पावसाळ्यांत ती पाटी कुजली. घरच्यांनी नंतर चांगला दगड बसवला. त्यावर नाव आहे, जन्ममृत्यूची सालं आहेत, शास्त्रातलं एक वचन आहे. 'मिस्त्री' तेवढं राहून गेलं.