गोळ्यांचा साठा म्हणजे आरोग्यव्यवस्था नव्हे



११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात या साथीचा देशातील पहिला बळी गेला आणि ‘टॅमीफ्लू’ हे नाव घरोघरी पोचले. ऑसेल्टामिविर हे त्यातील औषधी द्रव्य. विषाणूला एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू देणाऱ्या एन्झाइमलाच ते अटकाव करते. मात्र लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झाले, तरच त्याचा खरा उपयोग.

भयापोटी श्रीमंत राष्ट्रांनी या औषधाचे प्रचंड साठे केले. एकट्या ब्रिटनने त्यावर ४२ कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. त्या वेळी चाचण्यांचे संपूर्ण अहवाल रोश कंपनीच्या कपाटात बंद होते! कोक्रेन संशोधक आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ यांनी काही वर्षे झगडून ते मिळविले. एप्रिल २०१४ मध्ये निष्कर्ष आला : प्रौढांचा आजार सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतो. रुग्णालयात दाखल होणे टळते, याला भक्कम पुरावा नाही. त्याच वर्षी, रुग्णालयात दाखल झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून, लवकर औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी आढळले. पण त्या अभ्यासालाही रोशचेच अर्थसाहाय्य होते. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असेल. परंतु जनतेच्या पैशाने खरेदी करताना ते झाकलेले असावे, हे कोणत्या लोकशाहीत बसते?

दुसरा धडा विषाणूने दिला. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेमध्ये, जेथे हे औषध क्वचितच वापरले जाई, हंगामी एच१एन१चे बहुसंख्य नमुने त्याला दाद देईनासे झाले. वर्षभरात जगभर तो प्रकार जवळजवळ पूर्णतः औषधाला न जुमानणारा बनला. २००९ चा नवा विषाणू बव्हंशी दाद देणारा निघाला, हे सुदैव. त्याचे श्रेय नियोजनाला नाही. अमँटाडिन हे जुने औषध तर त्याच्यापुढे निष्प्रभच ठरले होते. एकाच गोळीवर भिस्त ठेवणे हा जुगार आहे.

भारतात २००९ मध्ये या औषधाचा पेटंट-अर्ज नामंजूर झाला व देशी उत्पादनाची वाट मोकळी राहिली, ही समाधानाची बाब. पण स्वस्त गोळीसुद्धा ४८ तासांत पोचावी लागते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, तो पहिले दोन दिवस ताप अंगावरच काढतो. तिसऱ्या दिवशी तो आरोग्य केंद्राच्या पायरीशी येतो, तेव्हा औषधाची वेळ टळलेली असते.

म्हणून मागण्या तीन : सरकारी खरेदीपूर्वी चाचण्यांचे अहवाल खुले व्हावेत, औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूंवर सार्वजनिक प्रयोगशाळांची अखंड नजर असावी, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषध दोन्ही हजर असावीत. गोदामातील साठा आकडेवारीत शोभतो. माणूस वाचतो तो वेळेवर उघडलेल्या दवाखान्यामुळे.